आडोसा आणि आसरा

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्या ताईंचा फोन आला, त्यांना लढाईच्या गोष्टी हव्या होत्या. मी म्हटलं, ताई, लढणारे वेगळे. आम्ही फौजेतले इंजिनिअरवाले. लढणाऱ्याला डोकं खाली घालायला जागा करून देणं हे आमचं काम. पूल, रस्ते, सुरुंग हेही आमच्याकडेच असतं, पण माझी नोकरी बरीचशी मातीत आणि दगडात गेली. आधी खड्डे खणले आणि शेवटची काही वर्षं नव्या पोरांना खड्डे खणायला शिकवलं. कुठं खणायचं, किती खणायचं आणि जिथं पहार टेकतच नाही तिथं काय करायचं. ताई हसल्या आणि म्हणाल्या, मग खड्ड्यांचं लिहा. तेच लिहितो आहे.

गावाकडे मला मेजर म्हणतात. मी निवृत्त झालो सुभेदार म्हणून. पण आमच्या खानापूर तालुक्यात ज्याच्या अंगाला एकदा वर्दी लागली तो मेजर, मग तो स्वयंपाकी का असेना. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर थकलो. इतर शब्दांच्या बाबतीत मात्र मी अजून थकलेलो नाही आणि घरच्यांना त्याचा वैताग आहे. टीव्हीवर कुणी खंदक म्हणालं की मी बसल्या जागी बोलायला लागतो.

खंदक म्हणजे किल्ल्याभोवतीचा चर. सांगलीच्या, मिरजेच्या किल्ल्याला तो होता. शत्रूनं सहज तटापर्यंत येऊ नये म्हणून खणलेला. त्यात आपला माणूस बसत नाही, त्यात पडायचं ते शत्रूनं. वर्तमानपत्रवाले मात्र जवान खंदकात बसले होते असं खुशाल लिहितात. जवान बसतो तो मोर्चा. छातीइतका खोल, वरून उघडा, हत्यार टेकवायला पुढे कट्टा. या शब्दानं आमच्या घरात एकदा रामायण झालं होतं. लग्न नवीन होतं आणि सीमेवरून कसाबसा फोन लागला होता. मी म्हटलं, बरा आहे, सध्या मोर्च्यात आहे. तिकडून आमच्या मंडळी म्हणाल्या, "सरकारी नोकरी आसताना मोर्च्यात कशाला गेलायसा? काढून टाकतील की." तिच्या डोळ्यांपुढे सातारच्या कचेरीवर निघालेला घोषणांचा मोर्चा.

मोर्च्यावर लोखंडी पट्ट्या, पत्रे, वाळूची पोती आणि माती असं भक्कम छत घातलं की त्याचा बंकर होतो. छत नसेल तर बंकर म्हणायचं नाही, मग खड्डा कितीही खोल असो. हे मी एकदा हरिपूरच्या एका जैन व्यापाऱ्यालाही सांगितलं. अण्णांकडे हळद साठवायची जुनी पेवं होती, जमिनीच्या पोटातली. महापुरानंतर एकाचं तोंड खचलं होतं, म्हणून मला बघायला बोलावलं. पेव पाहून झाल्यावर अण्णा म्हणाले, "आवं मेजर, तुमचा बंकर म्हंजी आमचं पेवच की." मी म्हटलं, अण्णा, पेवाचं तोंड तुम्ही लिंपून टाकता. आतली हळद तक्रार करत नाही. माणसाला हवा लागते आणि बाहेर बघायला फट लागते. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरुबर हाय. हळदीला बाहीर बगायचं नसतंय."

आता शेवटचा शब्द, ज्याच्यासाठी हे सगळं सांगतो आहे. उंच डोंगरावर, जिथं सगळा खडकच असतो, तिथं खणता येत नाही. मग सापडतील ते दगड घेऊन एकावर एक रचायचे आणि गुडघ्याएवढी, जमलं तर छातीएवढी भिंत करायची. चुना नाही, सिमेंट नाही. आपल्याकडे माळावर शेताच्या कडेला दगड रचतात तसंच. तिच्यामागं बसायचं. फौजेत त्याला संगर म्हणतात. पुढे वरून छत घातलं तर त्याचाही बंकर होऊ शकतो, पण छताचं सामान पाठीवरून चढवावं लागतं आणि ते सगळ्यात शेवटी पोचतं. वर्गात हे सांगताना पोरं जांभया द्यायची. परीक्षेपुरतं पाठ करायची आणि विसरायची. मीही कधी फार मनाला लावून घेतलं नाही. फरक कळला नाही म्हणून कुणाचं काय अडतं, असं मलाही वाटायचं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी म्हसवडच्या अलीकडच्या एका गावातून सरपंचांचा फोन आला. त्यांच्या गावचा भानुदास नावाचा जवान सीमेवर तोफगोळ्यानं गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती. आता गावानं शाळेसमोर त्याचं स्मारक बांधायला घेतलं होतं आणि त्यात सिमेंटचा एक बंकर केला होता. सरपंच तरुण आणि हौशी. "मेजर, उद्घाटनाच्या आदी एकदा नजर टाका. फौजी पाव्हणं येनार हाईत. चूक र्‍हायला नगं," असं त्यांचं म्हणणं.

मी गेलो. बंकर झकास होता. वर जाड स्लॅब, पुढे बंदुकीची नळी बाहेर काढायची फट, हिरवा-तपकिरी रंग. शेजारी काळ्या दगडाची पाटी उभी होती, अक्षरं अजून कोरायची होती. खडूनं मजकूर आखून ठेवला होता – भानुदासचं नाव आणि खाली 'बंकरमध्ये लढताना वीरमरण'. मी फटीचं माप बघत होतो तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, ताठ चालणाऱ्या. सरपंच म्हणाले, या कोंडाबाई, भानूची आई. गाव त्यांना आक्का म्हणतं.

आक्कांनी मला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "मेजर, ह्यालाच बंकर म्हंत्यात?"

"होय आक्का."

"तितं बी वर असंच छत आसतं?"

"असतं. याच्यापेक्षा जाड असतं."

"मग वरनं गोळ्याचा तुकडा आला तर आतल्या मान्साला लागतो का?"

मी शिकवायच्या सवयीनं बोलून गेलो. "तुकडा नाही लागत. त्याच्यासाठीच तर छत. गोळाच नेमका छतावर पडला तर गोष्ट वेगळी, पण मग छतच राहत नाही."

आक्कांनी मान हलवली. "म्हंजी आप्पा म्हनत्यात तेच खरं," असं म्हणाल्या आणि आल्या तशाच ताठ घरात गेल्या.

मला काही कळलं नाही. सरपंचांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. भानूचं शव आलं तेव्हा त्याच्याबरोबरचा संपत नावाचा जवान सोबत आला होता. त्यानं आईला सांगितलं, भानू बंकरमध्ये होता, वरून तुकडा लागला, जागीच गेला, त्रास झाला नाही. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. पण दिवसकार्य झाल्यावर लोक बोलायला लागले. गावात फौजेतून आलेले दोघे-तिघे होतेच. बंकरात असलेल्याला वरून तुकडा लागेल कसा? आक्कांचे चुलत दीर, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी एक दिवस पारावर निकाल देऊन टाकला – "पोरगं पयल्यापास्नंच उतावळं. बंकर सोडून भाईर आलं आसंल." त्यात वाईट हेतू नव्हता. माणसाला कोडं सुटलेलं हवं असतं. पण ते गावभर झालं आणि आक्कांच्या कानावर गेलं. जवानानं हुकुमाशिवाय जागा सोडणं म्हणजे काय, हे फौजी गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता मी, बाहेरून आलेला जाणकार, त्यावर शिक्का मारून मोकळा झालो होतो.

मी सरपंचांना म्हटलं, पाटी कोरू नका, मला थोडे दिवस द्या. कुठल्या भागात होता ते विचारलं तेव्हाच माझ्या मनात शंका आली होती. तो भाग मी पाहिला होता. तिथं पहार मारली की हात झिणझिणतात, दगड हलत नाही.

संपतचा पत्ता मिळाला. तोही निवृत्त होऊन पलूसच्या बाजूला आपल्या गावी राहत होता आणि एका साखर कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला होता. मी दुपारी गेलो. उसाच्या बैलगाड्या आत सोडून तो बाजूला आला. चाळिशीतला, एका कानानं कमी ऐकणारा. भानूचं नाव काढताच त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी विचारलं, "तुमचा बंकर कशाचा होता?"

"दगडांचा."

"खणलेला?"

"न्हाई साहेब. तितं कुठलं खनतायसा. रचला हुता आमी. भानूनंच जास्ती रचला. त्याचा हात लय चांगला, दगूड एकदा ठेवला की हालायचा न्हाई."

"आणि छत?"

संपतनं एकदा गेटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पत्रं खालच्या ठाण्यावर आलं हुतं. वर चढवायचं हुतं."

"म्हणजे संगर होता. मग बंकर का सांगितलंस?"

त्यानं टोपी दोन्ही हातांत फिरवली. "साहेब, मी पेटीसंगं गेलो. म्हातारी फुडं उभी. रडली न्हाई. मला पयला सवाल काय केला ठावं हाय? म्हनली, 'लेकरा, त्याच्या डोक्यावर काय हुतं का?' आता काय सांगू मी? आभाळ हुतं म्हनून सांगू?"

त्याच्या जागी मी असतो तर मीही बंकरच म्हटलं असतं. पण पुढं त्या शब्दानं काय केलं हे त्याला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. पारावरचा निकाल सांगितला, आक्कांनी मला काय विचारलं ते सांगितलं. संपतनं ऐकू येणारा कान माझ्याकडे केला होता. ऐकून तो गेटाशेजारच्या दगडावर खाली बसला. म्हणाला, "भानूनं जागा सोडली म्हंत्यात? भानूनं?" आणि मग, "कवा जायचं तितं?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मी सरपंचांना सांगून आप्पांनाही आक्कांच्या अंगणात बोलावून घेतलं होतं. आप्पा आले ते पांढरा फेटा, धोतर, हातात काठी अशा थाटात; बसायला खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले. आक्कांनी संपतला ओळखलं. "वाळलास," म्हणाल्या आणि पाणी आणून ठेवलं.

संपतनं पाणी न पिताच सुरुवात केली. "आक्का, मी तुमाला खोटं बोललो. बंकर न्हवता. संगर हुता."

"सणगर?" आक्का म्हणाल्या. "घोंगडीवाले?" म्हसवडचे सणगर लोक घोंगड्या विणतात, त्यांना तेच आठवणार. इतक्या ताणातही आप्पांच्या मिशीखाली थोडं हसू आलं आणि मला बरं वाटलं, कारण वातावरण जरा सैल झालं.

शब्दांनी सांगून हे होणार नव्हतं. मी वर्गात करायचो तेच केलं. स्मारकाच्या कामातले दगड अंगणाच्या कोपऱ्यात पडले होते. संपत आणि मी ते उचलून रचायला लागलो. कमरेएवढी, अर्ध्या चंद्रासारखी भिंत झाली. संपतचे हात भराभर चालत होते, मधूनच एखादा दगड फिरवून त्याची सपाट बाजू बघत होता. भिंत झाल्यावर मी म्हटलं, "आप्पा, जरा याच्यामागं बसता का?"

आप्पांनी आधी माझ्याकडे, मग आक्कांकडे पाहिलं. उठले, काठी टेकत आत गेले आणि उकिडवे बसले. फेट्याचा तेवढा तुरा वर दिसत होता.

मी भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. "आप्पा, समोरून मी गोळी मारली तर लागेल?"

"न्हाई. दगूड हाईत की."

"हा संगर. दगड रचून केलेला आडोसा. भानू अशा ठिकाणी बसला होता. आता वरून पाऊस आला तर?"

"भिजंन."

"मग तुम्ही भिजलात म्हणजे जागा सोडून बाहेर आलात, असं म्हणायचं का?"

आप्पा बसल्या जागेवरून वर आभाळाकडे बघत राहिले. उन्हानं त्यांचे डोळे बारीक झाले होते. "न्हाई," ते म्हणाले. "जागा सोडली न्हाई म्या."

मी आणखी काही समजावणार होतो, पण आक्कांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं. "म्हंजी आडोसा हुता," त्या सावकाश म्हणाल्या, "आसरा न्हवता."

इतकी वर्षं मी फळ्यावर चित्रं काढून जे शिकवलं ते यापेक्षा जास्त नव्हतं.

"छत आदीच का न्हाई घातलं?" त्यांनी मला विचारलं. रागानं नाही, जाणून घ्यायचं म्हणून. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याचीच मला भीती होती. आधी भिंत, मग छत, हा क्रम मी शेकडो पोरांना शिकवला आहे. तो बरोबरच आहे. "आक्का, भिंतीशिवाय छत टेकवायचं कशावर? भिंत झाली होती. पत्रे खालपर्यंत आले होते. वर यायला वेळ लागला."

"व्हय," त्या म्हणाल्या. "घराचं बी तसंच आसतंय." मग संपतकडे वळल्या. "भानू काय करत हुता तवा?"

"दुर्बीण लावून बसला हुता आक्का. पाळी त्याची हुती. मी मागं चहा उकळत हुतो. त्याला म्हनलं, ये, घोटभर घे. तर म्हनला, तिकडं काय तरी हालतंय, हितनंच बगतो, मग घेतो. गोळा आमच्या वरच्या कड्यावर फुटला. मला उठून त्याच्यापतुर जायला भिंत सुदीक वलांडावी लागली न्हाई. तो आतच हुता. भिंतीला टेकून. दुर्बीण हातातच हुती."

आक्का पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत. समोरच्या दगडांकडे बघत म्हणाल्या, "येवडी वर्सं मी त्याच्यावर राग धरून हुते. फोटूफुडं उदबत्ती लावताना बी मनात यायचं, का रं बाबा भाईर आलास. काय नडलं हुतं तुझं. रोज भांडायची मी त्याच्यासंगं."

संपत पुढे होऊन त्यांच्या पायाशी बसला. "आक्का, माझ्यामुळं झालं."

"तू माझ्या जिवासाठी बोललास," त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पर खरं सांगितलं आसतंस तरी मी मेले नसते रं."

आप्पा अजून भिंतीमागंच होते. तिथूनच म्हणाले, "वैनी, माझी जीभ झडली पायजे हुती." आणि उठता येईना म्हणून त्यांनी हात पुढे केला. आक्काच उठल्या आणि त्यांनी आप्पांना हात देऊन वर काढलं.

सिमेंटचा बंकर मोडायचा का, असं सरपंचांनी विचारलं. आक्का नको म्हणाल्या. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्यात बसतात, ऊन लागत नाही, राहू दे. पाटीवरचा शब्द तेवढा बदलायचा ठरला. सरपंच म्हणाले, संगर लिहिलं तर लोकांना कळणार नाही. मी म्हटलं, मराठीत संगर म्हणजे लढाई. जुन्या पोथ्या-पुराणांत सापडतं. 'संगरात वीरमरण' लिहिलंत तर वाचणारा लढाईत असं वाचेल आणि दगडांचा संगर काय ते आपल्याला माहीत असेल. आक्कांनी विचारलं, "दोनी खरं हाय न्हवं?" मी होय म्हटलं. "मग ऱ्हाऊ द्या."

उद्घाटनाला मी होतो. बँड होता, झेंडे होते, पाहुण्यांची भाषणं झाली. एका पाहुण्यानं भाषणात सवयीनं 'बंकर' म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतून आप्पा काठी टेकत उठून उभे राहिले. "बंकर न्हवता सायेब," ते म्हणाले. "दगडांचा संगर हुता. छत न्हवतं वर. तरी पोरानं जागा सोडली न्हाई." पाहुणे भले होते. त्यांनी आप्पांना नमस्कार केला आणि पुन्हा, नीट, तेच वाक्य माईकवरून म्हटलं.

आक्कांनी पाटीला हार घातला. नंतर जेवणं झाली. संध्याकाळच्या आत संपतला परतायचं होतं, म्हणून मी त्याला गाडीतून सोडणार होतो. आक्का गाडीपर्यंत आल्या. संपत दार उघडत होता तेव्हा त्यांनी विचारलं, "संपत, आता तितं छत हाय का?"

"हाय आक्का. त्याच मोसमात घातलं. पत्रं मीच चढवलं वर."

"जाड हाय न्हवं?"

"जाड हाय. वर पोती बी हाईत."

"म्हंजी आता जी पोरं तितं बसत आसतील, त्यांस्नी वरनं काय लागत न्हाई."

"न्हाई आक्का."

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. त्यांनी गाडीचं दार आपल्या हातानं लावून घेतलं आणि नीट बसलंय का ते एकदा ओढून पाहिलं.